आता पाय दुसऱ्यांचे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवाच मिळालं. करार पुढे वाढणार नाही हे वाचून वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, धक्का नाही बसला. गेल्या मोसमात तुला शेवटच्या वीस मिनिटांसाठीच उतरवत होते, आणि सहीचा कागद पुढे यायला उशीर होऊ लागला की त्याचा अर्थ काय, हे आपल्या फुटबॉलच्या धंद्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तू रडगाणं गायला नाहीस, पुढचं विचारलंस, हे बरं केलंस. फक्त तुझ्या त्या एका वाक्यावर मी अडलो: "जन्मभर फिट राहिलोय, तेव्हा फिटनेस कोचचं काम काही अवघड जायचं नाही." या वाक्यासाठीच हे लांबलचक पत्र लिहितोय. चहा घेऊन बस.

तुला येतं ते एका शरीराचं, तुझ्या स्वतःच्या. कुठल्या सरावानंतर पोटऱ्या भरून येतात, किती झोप पुरते, सामन्याच्या आदल्या दिवशी किती पळलं की पाय जड होतात, हे तू वर्षानुवर्षं स्वतःवर पाहून शिकलास. आता समोर पंचवीस जण उभे राहणार आणि त्यातलं एकही शरीर तुझ्यासारखं नसणार. तू मिडफिल्डर, दमसास उपजत दांडगा. मोसमाच्या तोंडावर लांबलचक पळायला लावलं की तू खुलायचास. पण आपल्या संघातले, मैदानाच्या कडेने सुसाटणारे ते विजेसारखे विंगर आठव. तेवढंच पळून ते आठवडाभर मेल्यासारखे फिरायचे आणि त्यांचा वेग हरवायचा. ते आळशी नव्हते, त्यांचे स्नायूच वेगळ्या घडणीचे होते. ज्याला स्फोटासारखा वेग असतो त्याला लांब पल्ल्याचा भार सोसत नाही, आणि सावरायलाही त्याला जास्त वेळ लागतो.

खेळणं सोडून फिटनेस कोच झालेले बरेच जण नेमके इथेच घसरतात. स्वतःला मानवलेला सराव ते सगळ्यांवर लादतात. असा एकजण मी जवळून पाहिलाय. नाव सांगत नाही, तूही ओळखशील. "आमच्या वेळी आम्ही असंच करायचो" हा त्याचा एकमेव सिद्धांत. अकादमीतून नुकत्याच वर आलेल्या पोरांना त्याने आपल्या तिशीतला प्री-सीझन, म्हणजे मोसमाआधीचा सराव, जसाच्या तसा दिला. महिन्याभरात निम्मी पोरं फिजिओच्या टेबलावर. वर पोरांनाच शिव्या, आजकालची पिढी नाजूक म्हणून.

मग आपल्या खेळण्याचा उपयोग काय? आहे, आणि मोठा आहे. खेळाडू तुझं ऐकतात. निदान सुरुवातीचे काही आठवडे तरी, पुस्तकी माणसाला मिळत नाही एवढी सवलत तुला मिळते. कंबरेत वाकून बुटांची नाडी बांधायला लागणारा वेळ पाहून तू सांगू शकशील की याची पाठ धरलीय. रोज सकाळी आम्ही फिटनेस कोच खेळाडूंकडून फॉर्म भरून घेतो: झोप कशी झाली, अंग किती दुखतंय, मन कसं आहे. आणि खेळाडू त्यात बिनदिक्कत थापा मारतात, कारण "दुखतंय" लिहिलं तर रविवारी नाव कापलं जाईल ही भीती. ती भीती तू जगलायस. म्हणून आकड्यात "सगळं छान" असलं तरी डोळ्यांत काय आहे ते तुला वाचता येईल. हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. हरलेल्या सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये कुणाच्या जवळ जायचं आणि कुणाला अर्धा तास एकटं सोडायचं, हेही तुला कुणी शिकवायला नको.

पण कान तुझ्याकडे वळले म्हणजे सांगण्यासारखं काही तुझ्याकडे असायला हवं ना! तिथे अभ्यासाला पर्याय नाही.

येन्स बांग्सबो हे नाव ऐकलं असशील. डेन्मार्कच्या अव्वल लीगमध्ये हा माणूस ४०० हून अधिक सामने खेळला, आणि त्याच वेळी कोपनहेगन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रात बुडालेला होता. पुढे तिथेच प्राध्यापक झाला, आणि २००१ ते २००४ या काळात इटलीतल्या युव्हेंटस क्लबमध्ये मार्चेल्लो लिप्पींच्या हाताखाली सहायक कोच होता. आपण सगळे ज्या यो-यो टेस्टला शिव्या घालत मोठे झालो ती त्याचीच. २० मीटर जायचं, २० मीटर परत यायचं, मग १० सेकंद दम घ्यायचा, आणि बीपबरोबर वेग वाढत जातो. ते १० सेकंदच त्या टेस्टचा प्राण आहेत. सलग पळायला लावणाऱ्या टेस्टमध्ये फुटबॉल नसतो. आपला खेळ म्हणजे पळ, थांब, वळ, पुन्हा पळ. दम किती आहे यापेक्षा गेलेला दम किती लवकर परत येतो, यावर शेवटची पंधरा मिनिटं ठरतात. हे बांग्सबोला सुचलं, कारण तो खेळलेला होता. पण सिद्ध करता आलं, कारण तो शिकलेला होता. माझ्या मते आपल्या वाटेवरचा सगळ्यात चांगला दाखला तोच.

त्याच्याही आधी, १९७६ साली, थॉमस रायली आणि व्हॉन थॉमस या दोघांनी इंग्लंडच्या पहिल्या विभागातल्या एका क्लबच्या खेळाडूंच्या हालचाली नोंदवल्या होत्या. सामन्यात खेळाडू सरासरी ८.७ किलोमीटर अंतर कापतो, आणि त्यातलं जेमतेम २ टक्के अंतर चेंडू पायाशी असताना, असं त्यांना दिसलं. आज वरच्या पातळीवरचा मिडफिल्डर ११-१२ किलोमीटर सहज जातो. अंतर वाढलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जोरात मारलेल्या धावा वाढल्या. तुला हे का सांगतोय, तर "खेळाडूला किती पळवू" हा प्रश्न तुझ्या डोक्यात येईल तेव्हा आधी "कसं पळवू" हा यावा म्हणून.

आमचा आठवडा सामन्याभोवती फिरतो. दिवसांना सोमवार-मंगळवार कुणी म्हणतच नाही. सामन्याचा दिवस एमडी, दुसरा दिवस एमडी प्लस वन, चार दिवस आधीचा एमडी मायनस फोर. सामना झाला की पहिले दोन दिवस सावरण्याचे. मग आठवड्याच्या मध्यावर सगळ्यात जड काम. लहान मैदान आखून चारास चार खेळवलं की क्षणोक्षणी वेग घेणं, करकचून थांबणं, वळणं होतं. मांड्या आणि जांघा पिळून निघतात, पण त्या जागेत कुणाचा पूर्ण वेग लागतच नाही. पूर्ण वेगासाठी मोठं मैदान लागतं. त्यामुळे एक दिवस लहान जागेचा, दुसरा मोठ्या जागेचा, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी थोडकंच, चपळ, हसतखेळत. हे हेड कोचबरोबर बसून ठरवायचं असतं, कारण डावपेच त्याचे, चेंडू त्याचा, वेळही त्याचीच. फिटनेस कोच वेगळा कोपरा घेऊन पोरांना प्लास्टिकच्या शंकूंभोवती पळवत बसला तर तो आपल्याच कोचच्या विरुद्ध खेळतोय असं समज.

अंगाला चिकटणारी ती बनियनवजा जीपीएसची जॅकेट तू घातलीयेस. खांद्यांच्या मधल्या डबीतून सेकंदाला दहा वेळा जागा नोंदली जाते, आणि सराव संपला की माझ्या पडद्यावर आकड्यांचा ढीग. सुरुवातीला त्या आकड्यांचं व्यसन लागतं, तुलाही लागेल. पण अजूनही माझा सगळ्यात विश्वासू आकडा साधा आहे. सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती जड गेलं? तो म्हणाला सात, आणि सराव नव्वद मिनिटांचा, तर दोन्हींचा गुणाकार, म्हणजे भार ६३०. कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने रूढ केलेली ही पद्धत, एक कागद आणि पेन पुरतं. जीपीएस सांगतं खेळाडूने काय केलं. त्याच्या अंगाला ते कसं लागलं हे तोच सांगतो. दोन्ही आकड्यांत फारकत दिसली, म्हणजे नेहमीएवढंच पळून आज "नऊ" म्हणाला, की मी त्याला गाठतो. बहुतेक वेळा कारण मैदानाबाहेरचं निघतं. घरात तान्हं बाळ, आजारी वडील, एजंटाचा फोन.

आता हॅमस्ट्रिंगवर, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूवर, जरा रेंगाळतो, कारण आपली अर्धी नोकरी त्या एका स्नायूसाठी असते. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद यूएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, अभ्यासात २००१ पासून ठेवली जातेय. त्या नोंदींनुसार पहिल्या मोसमात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. एवढी यंत्रं, एवढे तज्ज्ञ, आणि प्रमाण दुप्पट! कारणं सगळे आपापल्या सोयीने सांगतात. मला स्वतःला गच्च वेळापत्रक आणि वाढलेला वेग हीच दोन पटतात.

पूर्ण वेगात पळताना पाऊल जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी हा स्नायू लांब होत असतो, आणि लांब होता होताच पुढे गेलेल्या पायाला ब्रेक लावत असतो. तिथेच तो फाटतो. म्हणून नॉर्डिकचा व्यायाम: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. स्नायू लांब होत असताना त्याला जोर लावायची सवय लागते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा या व्यायामामुळे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात असं दिसलं. आणि गंमत बघ, एवढं स्वस्त, बिनयंत्राचं औषध, तरी कित्येक मोठे क्लबसुद्धा ते नीट करत नाहीत. पहिल्या आठवड्यात मांड्या भयंकर दुखतात, खेळाडू कुरकुरतात, कोच म्हणतो सामन्याआधी नको, आणि हळूच तो व्यायाम तक्त्यावरून गायब होतो. तुझी खरी परीक्षा इथे. पाठ्यपुस्तकातलं सगळ्यांनाच ठाऊक असतं. फेब्रुवारीतल्या पावसाळी सकाळी, सलग तीन सामने हरलेल्या संघाकडून ते हसत करून घेणं हे कौशल्य. तिथे तुझं खेळलेपण कामाला येतं. तू स्वतः खाली बसलास, दोनदा केलंस, एखादा टोमणा मारलास, की तेच कुरकुरणारे तुझ्याशी पैज लावतात.

दुसरं औषध म्हणजे खुद्द वेग. पूर्वी जपून पळवायचे, हॅमस्ट्रिंग जाईल म्हणून. पण आठवडाभर जपलेल्या पायाने रविवारी अचानक पूर्ण वेग घेतला तर फाटणारच. म्हणून आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाने आपल्या कमाल वेगाच्या अगदी जवळ जायलाच हवं, असं मी पाहतो. फार नाही, मोजक्या धावा.

फिफाचं ११ प्लस वॉर्मअपही शिकून घे, विशेषतः पोरांच्या संघापासून सुरुवात करणार असशील तर. वीसएक मिनिटांचं आहे: पळणं, मग ताकद, तोल, उड्या, मग पुन्हा पळणं. २००८ साली नॉर्वेमधल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे वॉर्मअप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होत्या. पण ते नियमित केलं तरच. शिट्टी वाजल्यावर दोन चकरा मारून हात-पाय झटकणं म्हणजे वॉर्मअप नव्हे, हे अजून पालकांनाही समजावावं लागतं.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. "नाही" म्हणणं. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटून ऑपरेशन झालेला खेळाडू सहाव्या महिन्यात तुझ्यासमोर उभा राहील. सूज नाही, दुखत नाही, सरळ रेषेत भन्नाट पळतोय. डोळ्यांत पाणी आणून म्हणेल, दादा, मी तयार आहे. हेड कोच तिकडून विचारील, तो दिसतोय तर बरा, मग अडलंय कुठे? ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. नवव्या महिन्यापर्यंत जितकं थांबाल, तितका तो महिन्यागणिक झपाट्याने घटतो. दुखणं थांबतं खूप आधी, पण नवा अस्थिबंध पक्का व्हायला वेळ लागतो, आणि दोन्ही पायांतली ताकद समान यायला तर त्याहून जास्त. तेव्हा तुला त्या पोराकडे आणि त्या कोचकडे पाहून शांतपणे "अजून नाही" म्हणायचंय. तू खेळाडू होतास तेव्हा असं म्हणणाऱ्याला शत्रू समजायचास. मीही समजायचो. आता ती खुर्ची आपली. निर्णय एकट्याचा नसतो, डॉक्टर आणि फिजिओ असतात. पण मैदानावर त्याच्या सोबत उभा असतोस तू, म्हणून राग तुझ्यावर निघतो.

आणि रागाचंच निघालंय तर, सगळ्यात जास्त राग बेंचवरच्यांचा. सामना संपतो, प्रेक्षक निघून जातात, जिंकलेले एकमेकांना मिठ्या मारतात, आणि जे खेळलेच नाहीत त्यांना घेऊन तू मैदानात उतरतोस. नव्वद मिनिटं खेळणाऱ्याच्या आणि बसणाऱ्याच्या भारात आठवड्यागणिक दरी पडत जाते, आणि महिन्याने त्या बसलेल्याला अचानक उतरवलं की तोच जखमी होतो. म्हणून सामन्यानंतर लगेच, त्या रिकाम्या स्टेडियममध्ये, त्याला धावा मारायला लावायच्या. पाच बदली खेळाडूंचा नियम २०२० मध्ये तात्पुरता आला आणि २०२२ मध्ये कायमचा झाला, तेव्हापासून बेंचवरच्या माणसाला कधीही उतरावं लागतं, म्हणजे हे काम आणखीच गरजेचं. पण आज आपल्याला वगळलं या दुःखात असलेल्या माणसाला "चल, अजून सहा" म्हणणं... गेल्या मोसमात तुझी जागा तीच होती, त्यामुळे तुला कळेल. त्या माणसांना तू माझ्यापेक्षा चांगला सांभाळशील असं मला मनापासून वाटतं.

कठोर असावं की प्रेमळ, असंही विचारलंयस. मला हा प्रश्न खोटा वाटतो. इंग्लंडमधल्या टॉटनहॅम क्लबचे फिटनेस कोच जियान पिएरो व्हेंट्रोने आठव. युव्हेंटसमध्ये असल्यापासून त्यांना 'मरीन' म्हणायचे. २०२२ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या उकाड्यात त्यांनी सरावाच्या शेवटी संघाला अशा धावा मारायला लावल्या की खेळाडू जमिनीवर कोसळले, स्ट्रायकर हॅरी केनला ओकारी झाली. जगभर त्यांच्या नावाने बोटं मोडली गेली. त्याच ऑक्टोबरमध्ये व्हेंट्रोने वारले, आणि तेच खेळाडू घरचं माणूस गेल्यासारखे रडले. पळवण्यापलीकडे त्यांच्यात काहीतरी होतं, हे त्या रडण्यातून कळतं. फक्त शिट्टी आणि घाम उचलून त्यांची नक्कल करायला जाऊ नकोस.

काय शिकायचं? तुझी पदवी झालेली आहे, हे फार बरं झालं. अमेरिकेतल्या नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशनची सीएससीएस परीक्षा देता येईल. एक भाग शास्त्राचा, एक प्रत्यक्ष कामाचा, आणि पदवी असल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. आशियाई फुटबॉल महासंघाचा फिटनेस कोचचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, तो फुटबॉलच्या जास्त जवळचा. दोन्हींपैकी आधी कुठलं, ते भेटीत बोलू. पण प्रमाणपत्राची वाट पाहत घरी बसू नकोस. एखाद्या अकादमीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर काम सुरू कर. त्या वयात पोरं भराभर उंच होतात, आणि त्या काळात गुडघे-टाचा दुखणं, तोल बिघडणं, कालचा चपळ मुलगा आज धडपडणं हे रोजचंच. दोन मोसम तिथे काढलेस तर शरीर कसं घडतं हे तुला मोठ्यांच्या संघात कधी दिसणार नाही इतकं स्वच्छ दिसेल.

पैशांबद्दल थोडक्यात: खेळाडूपेक्षा कमी मिळतात, तासांनी मात्र जास्त राबावं लागतं. सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं. आणि हेड कोचला काढलं की बहुतेकदा त्याच्याबरोबर आपलीही बॅग भरली जाते, तुझं काम कितीही चांगलं असो. जिंकलो तर डावपेच चांगले होते, हरलो तर "पोरं थकलेली दिसली". याची सवय होते. मला झालीय, बायकोला अजून नाही.

तुझ्या स्वतःच्या शरीराचंही बघ. वेळापत्रक सुटलं की भूक तेवढीच राहते आणि मेहनत अर्ध्यावर येते. एकदम थांबू नकोस, हळूहळू उतर. आणि पहिले काही महिने सरावात पोरांच्या सोबत चेंडू मारायचा मोह होईल. एखाद वेळी मार. रोज नको. दुसऱ्यांचा खेळ बघायला डोळे मोकळे लागतात, आणि चेंडू पायाशी असला की आपले डोळे त्याच्यावरच असतात.

पुढच्या महिन्यात आमचा प्री-सीझन सुरू होतोय. मी कोचशी बोललोय, आठवडाभर तुला सोबत ठेवायला त्याची हरकत नाही. सकाळच्या फॉर्मपासून संध्याकाळच्या बैठकीपर्यंत माझ्याबरोबर राहा, मग ठरव. नाही पटलं तर नाही म्हण, मला वाईट वाटणार नाही. डाव्या घोट्याचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस; एमआरआयचा रिपोर्ट आला असेल तर पाठव, आमच्या फिजिओला दाखवतो. रविवारी सामना आहे, सोमवारी सकाळी कामात असेन. दुपारनंतर फोन कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझाच,
जुना राइट बॅक